नकाशा मंजूर झाला, गल्लीचं काय?

बडोद्याच्या दांडिया बाजारात पुन्हा एक जुनं लाकडी घर उतरवलं. तिथे काय उभं राहणार ते आत्ताच सांगते: खाली दुकानं, वर निळ्या काचा. दर वेळी हेच! नकाशा तपासताना सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), उंची, पार्किंग बघायचं आणि शिक्का मारायचा. शेजारच्या घराचा सज्जा कुठल्या रेषेत आहे, ओटा किती उंच, खिडक्या उभट की आडव्या, हे कुणी विचारत नाही.

कायदाच नाही असंही नाही. बडोद्यातला तांबेकर वाडा, म्हणजे बडोदा संस्थानच्या दिवाणांचं जुनं घर, केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. पण वाडा वाचला म्हणजे गल्ली वाचली का? दिवाण तांबेकर काही ओसाड माळावर राहत नव्हते, त्यांना शेजार होता.

आणि घरमालकांना दोष देऊ नका. वाळवीने खाल्लेली तुळई बदलायला सुतार मिळत नाही, भावाभावांत वाटे झालेत, पोरं कॅनडात. वाढीव मजला हवाय? जरूर बांधा! फक्त तो रस्त्यापासून थोडा मागे घ्या, दर्शनी भाग तसाच ठेवा, उतरवलेलं सागवान भंगारात न घालता आत वापरा. एवढं सांगणारा एक जाणता माणूस मंजुरीच्या टेबलावर बसवायला काय हरकत आहे? अर्ज आला की आधी गल्लीत येऊन उभे राहा, मान वर करून बघा, मग सही करा.