आधी दादाला विचारलं, मग लिहायला बसले

"तुझ्याबद्दल फेसबुकवर लिहू का?" असं दादाला विचारलं. तो म्हणाला, "लिही. पण आजाराचं नाव घालू नकोस, आणि मी बिचारा वाटता कामा नये." दोन्ही अटी पाळतेय.

परवा गंगापूर रोडला एका वास्तुशांतीत जेवताना कुणी तरी म्हणालं, "नाशिक एवढं वाढलं, पण मेंटल हॉस्पिटल नाही बघा. घरात कुणाचं बिघडलं तर न्यायचं कुठे?" खरंय. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आपल्या जिल्हा रुग्णालयात उपचार मिळतात, पण जास्त दिवस ठेवायची वेळ आली की कसारा घाट तरी उतरा, नाही तर चंदनापुरी घाटाचा रस्ता धरा. मला टोचला तो 'न्यायचं' हा शब्द. कारण कित्येक वर्षं मीही तोच वापरत होते.

२०१६मध्ये आम्ही दादाला 'नेलं'. एका खासगी ठिकाणी. जेवायला बाहेर जाऊ असं खोटं सांगून गाडीत बसवलं. कागदावर सही माझी. दोन दिवसांनी भेटायला गेले तर डोक्याचा पूर्ण गोटा केलेला, अंगात तिथला निळा पायजमा-सदरा, मोबाइल जमा. "केस का काढले?" विचारलं, तर "उवा होतात, ताई." तीन आठवड्यांनी घरी आला तो एकदम शांत. आम्ही देवापुढे नारळ फोडला. तो शांत होता कारण आमच्यापैकी कुणाशी बोलण्यात अर्थ उरला नाही असं त्याला वाटत होतं. हे त्यानं मला पाच वर्षांनी सांगितलं. गोळ्या तो तुळशीच्या कुंडीत पुरत होता, हेही तेव्हाच कळलं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा. लागू झाला २९ मे २०१८ला. त्यात स्पष्ट लिहिलंय की सक्तीनं मुंडण करायचं नाही, इच्छा असेल तर स्वतःचे कपडे घालू द्यायचे, फोन आणि भेटीगाठी हा रुग्णाचा हक्क आहे. साखळीनं बांधायला तर बंदीच. २००१मध्ये तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवलेल्या एका जागेला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेली माणसं जागच्या जागी जळून गेली. हे वाचून झोप उडाली होती माझी. केस आणि कपडे ही कायद्यात लिहिण्याइतकी मोठी गोष्ट आहे का, असं कुणाला वाटेल. ज्याच्या भावाचा चेहरा आरशात बघून पडला, त्याला विचारा.

दुसऱ्यांदा २०२१मध्ये. परगावचं सरकारी रुग्णालय, बंद वॉर्ड. लोखंडी दार, किल्ली वॉर्डबॉय मामांच्या कमरेला. मी आधीच रडवेली. तिथल्या एका सिस्टरनं चौथ्या-पाचव्या दिवशी दादाला विचारलं, "तुमचं बिघडायला लागतं, तेव्हा सगळ्यात आधी काय होतं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला हातानंच थांबवलं. "त्यांना सांगू द्या."

मी सांगणार होते: झोप जाते, मग आरडाओरडा. दादा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मी पानातली भाजी बाजूला सारायला लागतो. आईनं केलेली. त्यात काही तरी आहे असं वाटतं. नुसता भात खातो."

चार वर्षं आमच्या घरात त्या भाजीवरून भांडणं झाली आहेत. आई रडायची, मी नखरे म्हणायचे, बाबा ताट उचलून न्यायचे. झोप जाण्याच्या दहा-बारा दिवस आधीची ती खूण होती, आणि ती फक्त त्याला ठाऊक होती. कुठल्याही डॉक्टरनं ती विचारली नव्हती. प्रत्येक वेळी प्रश्न आम्हाला असायचा: "त्रास देतो का? मारतो का? गोळ्या घेतो का?" सिस्टरनं ते कागदावर लिहिलं, त्याच्या शब्दांत. खाली त्याची सही घेतली. बंद दाराआड, आठ दिवसांपूर्वी खिडकीची काच फोडलेल्या माणसाची सही. माझ्यासाठी सगळं तिथे बदललं.

इथे लोक म्हणतील, धोका असेल तर विचारत बसायचं का? मला धोका माहीत आहे. त्या काचेचे टाके माझ्या तळहाताला आहेत. दार बंद असावं लागतं कधी कधी, आणि ते मी नाकारत नाही. पण कायदा त्या दारालाही मुदत घालतो. संमती नसताना दाखल केलं, तर ते तीस दिवसांपर्यंत, आणि सात दिवसांच्या आत अशा दाखल्यांवर नजर ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य मंडळाला कळवायचं. बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीनच दिवसांत. हातपाय बांधायचे ते दुसरा उपायच नसेल तेव्हा. शिक्षा म्हणून कधीच नाही, आणि माणसं कमी आहेत एवढ्या कारणावरूनही नाही. आपल्याकडे माणसं कमी असतात हे कायदा लिहिणाऱ्यांना नक्की माहीत होतं.

आणि सुरक्षेचंच म्हणाल, तर त्या भाजीच्या कागदानं आमच्या घराला जेवढी सुरक्षा दिली तेवढी कुठल्याच कुलपानं दिली नाही.

दादाच्या शेजारच्या खाटेवरचे काका न्यायालयाच्या आदेशानं आलेले होते. त्यांना भेटायला कुणीच येत नसे. दादा त्यांच्यासाठी माझ्याकडून बेसनाचा लाडू मागून घ्यायचा. डिस्चार्ज मिळाला तरी ते जाणार कुठे, हा प्रश्न मला अजून पडतो. नाशिकला नवं रुग्णालय मागताना त्याबरोबर अशा माणसांना राहता येईल असं अर्ध्या वाटेवरचं घर मागा, ही माझी कळकळीची विनंती आहे. समाजात राहण्याचा हक्क हाही त्याच कायद्यात आहे.

आता जे लिहायचं टाळत होते ते. आपण निर्णय घेऊ शकत नसू तेव्हा आपल्या वतीनं कोण बोलेल, हे माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात त्याला. दादानं माझं नाव लिहिलं नाही. अंबडच्या कंपनीत त्याच्याबरोबर लेथवर असलेल्या मित्राचं लिहिलं. मी कारण विचारलं. "पहिली सही तुझी होती," एवढंच म्हणाला. आठवडाभर मी त्याच्याशी धड बोलले नाही. मग लक्षात आलं की ही निवड त्याची आहे, आणि ती मला आवडायलाच हवी असं कुठे आहे?

गेल्या महिन्यात एका रात्री त्यानं वांग्याची भाजी बाजूला सारली. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी ताटात पाहत राहिले. जेवण झाल्यावर त्यानंच मित्राला फोन लावला. सकाळी दोघं ओपीडीला जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवस राहिलात तर बरं. दादा म्हणाला, राहतो. यावेळी दाखल व्हायची सही त्याची स्वतःची.

मी बॅग भरायला घेतली, तर म्हणाला, "राहू दे, मी भरतो. तू फक्त तो चौकड्यांचा शर्ट इस्त्री करून दे."

(रात्री-अपरात्री कुणाला बोलायची गरज पडली तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.)