"गाठ नाही म्हणजे कॅन्सर नाही" हा मेसेज प्लीज पुढे पाठवू नका

आठवडाभरात हा एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, भिशीच्या, माहेरच्या, सोसायटीच्या आणि मुलीच्या शाळेतल्या आयांच्या. "ताईंनो घाबरू नका" अशी सुरुवात आहे आणि पुढे म्हटलंय की छातीत गाठ लागत नसेल तर ब्रेस्ट कॅन्सर नाही, गाठ दुखत असेल तरी नाही, पन्नाशीच्या आत आणि घराण्यात कुणाला नसेल तर होत नाही, काळ्या ब्राने आणि डिओने होतो, आणि गाठीला सुई लावली की पसरतो म्हणून आधी दोन महिने हळदीचा लेप लावून बघा. पाठवणाऱ्या सगळ्या माझ्या जवळच्या, चांगल्या मनानेच पाठवलाय हे मला माहितीये. पण माझ्या मावशीचे आठ महिने ह्याच समजुतीत गेले म्हणून एकेक वाक्य घेऊन लिहिते.

"गाठ नाही तर कॅन्सर नाही."

हे वाक्य सगळ्यात घातक आहे. मावशीला गाठ नव्हतीच. एका बाजूच्या निप्पलला खाज, मग बारीक खपल्या, मग ब्लाऊजला चिकटणारं पाणी. तिला वाटलं साबण बदलला म्हणून असेल. फॅमिली डॉक्टरांनी न बघताच, नुसतं ऐकून खाजेचं मलम दिलं (मावशीनेही दाखवायला लाज केली, खोटं का बोलू), मलमाने आठ दिवस बरं वाटायचं आणि परत सुरू. शेवटी कातडीचा छोटा तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं की तो ब्रेस्ट कॅन्सरचा पॅजेट नावाचा प्रकार आहे. जेम्स पॅजेट ह्या इंग्लिश सर्जनने 1874 मध्ये ह्याचं वर्णन करून ठेवलंय, दीडशे वर्षं झाली, आणि तरी आपल्याकडे त्याला इसब समजून मलम चोळलं जातं. साधं इसब बऱ्याचदा दोन्ही बाजूंना असतं आणि निप्पलच्या भोवतीच्या काळ्या भागावर सुरू होतं, पॅजेट साधारण एकाच बाजूला आणि निप्पलवरच सुरू होऊन बाहेर सरकतो, आणि बहुतेक वेळा आतमध्येही कॅन्सर असतो. हा प्रकार कमीच दिसतो, ब्रेस्ट कॅन्सरच्या शंभर पेशंटांत एक ते चार, पण मलम लावून दोनतीन आठवड्यांत गेलं नाही तर तपासून घ्यायला हवं.

दुसरा गाठ नसलेला प्रकार ह्याहून वेगाने वाढतो. सगळी छाती लाल, गरम, जड होते, एका बाजूचा आकार काही आठवड्यांतच वाढतो आणि कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसायला लागते. कातडीखालच्या बारीक लसिकावाहिन्या (अंगातलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या) कॅन्सरच्या पेशींनी तुंबतात, पाणी अडतं, कातडी फुगते आणि केसांच्या मुळांची छिद्रं मात्र खेचलेली राहतात, म्हणून तसे खड्डे दिसतात. आपल्यासारख्या सावळ्या रंगावर ती लाली लाल दिसेलच असं नाही हं, जांभळट किंवा नुसती काळपट दिसते, त्यामुळे अजूनच लक्षात येत नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध साकळूनही असंच होतं आणि बहुतेक वेळा तेच असतं, पण अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करूनही उतार पडला नाही, किंवा पाजत नसतानाच असं झालं, तर दुसरा कोर्स घेत बसू नका, सोनोग्राफी आणि बायोप्सीचं (सुईने छोटा तुकडा काढून तपासायचं) विचारा.

बाकीच्या खुणाही सांगते. हात वर केल्यावर छातीवर खळी पडणं (आतली गाठ तंतूंना ओढते म्हणून), आधी बाहेर असलेलं निप्पल आत ओढलं जाणं, न दाबता एकाच बाजूने रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणं, काखेत गाठ येणं. जन्मापासूनच निप्पल आत असेल तर त्याची काळजी नाही, बदल नवा आहे का ते महत्त्वाचं. आणि रक्ताचा स्राव आला म्हणजे कॅन्सरच असंही नाही, कित्येकदा दुधाच्या नळीतला साधा मोड असतो, पण ते तपासल्यावर कळतं.

"दुखतंय म्हणजे कॅन्सर नाही."

अर्धं खरं आहे म्हणून लोकांना पटतं. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना दुखतं ते बहुतेक हार्मोनचं असतं, आणि कॅन्सरची गाठ सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही. पण दुखणाऱ्या गाठीही कॅन्सरच्या निघतात. दुखण्यावरून गाठ तपासायची की नाही हे ठरवता येत नाही, एवढंच. बहुतेक गाठी साध्याच निघतात हेही खरंय, पण साधी आहे हे हाताला लागून कळत नाही.

"पन्नाशीच्या आत आणि घराण्यात नसेल तर नाही."

आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी दिसतो, चाळिशीतल्या कितीतरी बायका असतात, तिशीतल्याही. आणि घराण्यातून आलेल्या जनुकामुळे होणारे फक्त शंभरात पाच ते दहा, म्हणजे बहुतेक बायकांच्या घरात आधी कुणालाच नसतो. मावशीच्या घरातही नव्हता. पुरुषांनाही होतो, शंभर पेशंटांत साधारण एक पुरुष असतो, आणि त्यांच्या तर कुणाच्या मनातही येत नाही.

काळी ब्रा आणि डिओबद्दल जास्त लिहीत नाही. ब्राने कॅन्सर होतो ह्याला पुरावा नाही, रंगाने तर नाहीच, आणि डिओचाही ठोस पुरावा मिळालेला नाही. वाईट हे वाटतं की बायका कपाटातल्या काळ्या ब्रा टाकून देतात आणि आता आपण सेफ म्हणून निर्धास्त होतात.

"सुई लावली की पसरतो."

ह्या भीतीने आपल्याकडे खूप जणी थांबतात. बायोप्सीमुळे आजार अंगभर पसरत नाही. उलट तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर कुठल्या प्रकारचा, त्याला हार्मोन रोखणारी गोळी चालेल का हर्टूवरचं (काही कॅन्सरच्या पेशींवर जास्त असणाऱ्या प्रथिनावरचं) इंजेक्शन, हे ठरवताच येत नाही. लोक म्हणतात "सुई लावली आणि दोन महिन्यांत गेली", पण त्यातल्या किती जणींनी सुई लावायच्या आधी वर्षभर अंगावर काढलेलं असतं ते कुणी सांगत नाही. हळदीचा लेप गाठीपर्यंत पोचत नाही, तो कातडीवरच राहतो, आणि ते दोन महिने गाठ मात्र वाढत असते.

लवकर बघितल्याने फरक पडतो हे आपल्या मुंबईतच तपासलं गेलंय. टाटा मेमोरियलने 1998 पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला, निम्म्या जणींची छाती प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासली, मशीन नाही काही नाही. 2021 मध्ये निकाल आला, पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, म्हणून तरुण मुलींनी तर स्वतःच्या अंगातला बदल ओळखून स्वतःहून जाणं अजूनच गरजेचं आहे.

जायचं कुठे, हे मला ग्रुपवर तिघींनी विचारलं. खाज म्हणून स्किनवाल्याकडे आणि बायकांचं म्हणून गायनॅककडे असं फिरत बसण्यापेक्षा सरळ जनरल सर्जनकडे जा, छातीचं दुखणं सर्जन बघतात. गावाकडे असाल तर सरकारी दवाखान्यात तिशीच्या पुढच्या बायकांची तपासणी फुकट असते, आशाताईला विचारा. डॉक्टर बाई हव्या असतील तर आधी फोन करून तसं सांगा. आत गेल्यावर "खाज आहे" एवढंच सांगू नका, कधीपासून, कुठल्या बाजूला, कुठलं मलम किती दिवस लावलं ते सांगा आणि ब्लाऊज काढून दाखवा. मावशीच्या आठ महिन्यांत एकदाही कुणी ते बघितलं नव्हतं.