सकाळी डिस्चार्ज, रात्री सुटका: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. ‘विम्याचं पॅकेज संपलं म्हणून आईला तिसऱ्याच दिवशी घाईने काढलं, आणि त्याच दिवशी सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत लटकवून ठेवलं,’ असं तुम्ही लिहिलंय. दुसरी तक्रार पूर्ण खरी आहे. पहिलीबद्दल सविस्तर लिहितो. आईंच्या आजाराचे तपशील मात्र इथे चारचौघांत मांडणार नाही.

विम्याचा आमच्यावर काहीच परिणाम होत नाही, असं कुणी हॉस्पिटलवाला म्हणाला तर विश्वास ठेवू नका. बिल दिवसागणिक मिळत असेल, तर पेशंट एक रात्र जास्त राहिलेला हॉस्पिटलला हवाच असतो. ठरावीक पॅकेज असेल तर उलट: मुक्काम लांबला की खर्च आमच्या खिशातून, रक्कम तेवढीच. अमेरिकेत १९८३ साली मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या तिथल्या सरकारी आरोग्य विम्याने, आजाराच्या गटानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. तिथले मुक्काम कमी झाले आणि ‘पुरते बरे होण्याआधीच घरी पाठवतात’ ही ओरडही लगेच सुरू झाली. तेव्हा तुमची शंका काही जगावेगळी नाही.

आईंना सोडलं ते ताप नव्हता, जेवण जात होतं, त्या आधाराशिवाय चालत होत्या आणि दुखणं गोळीवर भागत होतं म्हणून. यातलं एक जरी नसतं तरी थांबवलं असतं आणि विमा कंपनीकडे कारण लिहून वाढीव मंजुरी मागितली असती. ती मिळतेच असं नाही, पण तो आमचा प्रश्न. तुम्हाला हे कुणी सांगितलंच नाही. काउंटरवरून ‘पॅकेज तीनच दिवसांचं आहे’ एवढंच उत्तर मिळालं. ते चूक होतं. ते ऐकून मीही तुमच्यासारखाच रिव्ह्यू लिहिला असता. विमा कंपनीच्या मंजुरीचा कागद आमच्याकडे केसपेपरच्या वरच लावलेला असायचा, म्हणजे राउंडला सर्जनची नजर आधी त्यावरच. तो आता बिलिंगच्या फाइलमध्ये हलवला आहे.

आता ते दहा तास. डॉक्टरांनी ‘सोडा’ म्हटलं की डिस्चार्ज समरी, उरलेल्या औषधांचा परतावा, अंतिम बिल, आणि हे सगळं विमा कंपनीकडे. त्या दिवशी समरीवर सही करायचे डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, म्हणून फाइल दीडनंतर गेली. चारला कंपनीची क्वेरी आली: एका तपासणीचा रिपोर्ट जोडलेला नव्हता. तीही आमचीच चूक. कंपनीने पुढे वेळ घेतला, पण निम्मा दिवस आम्ही आधीच घालवला होता. आता समरी आदल्या रात्री तयार होते. सकाळी फक्त बदल आणि सही.

खोलीबद्दलही बोलायला हवं. पॉलिसीतल्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत नुसता भाड्यातला फरक कापत नाहीत. डॉक्टरांच्या फीसारख्या इतर खर्चांतूनही त्याच प्रमाणात कपात होते. भरतीच्या वेळी आम्ही फॉर्मवर सही घेतली, समजावलं नाही.

त्या दिवशी दुपारनंतरचं खोलीभाडं लावायचं नाही असं मी सांगितलं होतं. बिलात ते दिसत असेल, तर टाके बघायला याल तेव्हा बिल सोबत आणा आणि थेट मला भेटा.