स्वस्तात बेटावर जायचंय? मग हे कराच

सगळ्यात आधी बजेटचा आकडा ठरवा. त्यासाठी गणित वगैरे करायची काही गरज नाही, रात्री आडवं पडून मोबाईलवर निळ्या पाण्याचे फोटो बघताना जो आकडा डोक्यात येईल तो फायनल. सकाळी उठल्या उठल्या घरात जाहीर करून टाका म्हणजे माघार नाही. या आकड्यात फक्त विमान आणि हॉटेल धरायचं, बाकी जे काही निघेल त्याला "तो वेगळा खर्च" म्हणायचं. बॅगेचे पैसे वेगळा खर्च, विमानतळापासून पुढची बोट वेगळा खर्च, व्हिसा, विमा, पाण्याच्या बाटल्या, लाटेने नेलेला चष्मा, सगळं वेगळं. असं केलं की बजेट शेवटपर्यंत एका पैशाने हलत नाही, लिहून देतो.

आता जायचं कधी? जाणकार सांगतील आधी हवामान बघा. तुम्ही रेट बघा. वर्षातले ज्या महिन्यांत हॉटेलं निम्म्या भावात मिळतात ते खास आपल्यासारख्यांसाठीच राखून ठेवलेले असतात, लोकांना कळत नाही इतकंच. बालीत साधारण नोव्हेंबर ते मार्च पाऊस, फुकेतला मे ते ऑक्टोबर, मॉरिशसकडे नोव्हेंबरपासून चक्रीवादळांचे दिवस, आणि कॅरिबियनमध्ये तर हरिकेनचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर असा तारखेसकट जाहीर केलेला आहे, इतकी सोय कोण करून देतं हो? कोणीतरी शहाणा मध्येच बोलेल की फुकेतला पाऊस असतो तेव्हा को समुईला बऱ्यापैकी कोरडं असतं, कारण ते पलीकडे थायलंडच्या आखातात आहे आणि तिथला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, म्हणजे देश तोच ठेवून नुसतं बेट बदललं तरी काम होतंय. अशा माणसाला ताबडतोब ग्रुपमधून काढा. आपल्याला चार दिवस खोलीच्या खिडकीतून पाऊस बघायचाय, तोही डिस्काउंटमध्ये.

(एक गोष्ट मात्र गंमत बाजूला ठेवून सांगतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही म्हणजे नाही. आत ओढून नेणारा प्रवाह वरून खवळलेला दिसत नाही, उलट दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधे दिसणारी शांत सपाट जागा तीच असते आणि नवखी मंडळी मुलांना घेऊन नेमकी तिथेच उतरतात. ओढलं गेलात तर काठाकडे जोर लावून दमू नका, किनाऱ्याला समांतर पोहत आधी प्रवाहाच्या बाहेर या. झालं, परत मुद्द्यावर.)

मार्चमध्ये बालीचं एखाद्या तारखेचं तिकीट भलतंच स्वस्त दिसलं तर घेऊन टाका, आसपास न्येपी आहे का वगैरे शोधत बसू नका. न्येपी म्हणजे तिथल्या नववर्षाचा मौनाचा दिवस, त्या दिवशी विमानतळसुद्धा चोवीस तास बंद असतो, हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही, बीचवर जायचं नाही, रात्री दिवे मंद. बघायला गेलं तर विलक्षण अनुभव आहे, ठरवून गेलात तर. न ठरवता गेलात तर दोन लहान मुलं, एक आजोबा आणि चार भिंती. पण पैशाच्या अंगाने बघा ना, अख्खा दिवस बाहेर एक पैसा खर्च नाही. हॉटेलातलं जेवण सोडून, म्हणजे तो वेगळा खर्च.

बालीचंच निघालंय तर, १४ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे परदेशी पाहुण्यांकडून माणशी दीड लाख रुपिया (रुपिया हे तिथलं चलन) पर्यटन शुल्क घेतात. हे घरात सांगताना फक्त "दीड लाख" एवढंच सांगा आणि बोलायचं थांबा. रुपिया म्हणजे किती हे अर्ध्या तासाने सांगितलं तरी चालतं, तोपर्यंत सगळ्यांच्या बाकीच्या मागण्या आपोआप कमी झालेल्या असतात.

तिकीट काढताना सगळ्यात स्वस्त तेच घ्यायचं, मग भले ते दोन ठिकाणी थांबून, मधे एका विमानतळावर नऊ तास बसवून, पोचेपर्यंत घरातल्यांचं आपसातलं बोलणं बंद करणारं का असेना. बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल तर मांडीवर बसवून जवळपास फुकट जातं, त्यामुळे ट्रिप नेमकी त्याच्या दुसऱ्या वाढदिवसाला धरून आखा, समुद्रकिनारी केक कापायची हौसही भागेल. परतीच्या तारखेला बाळ दोन वर्षांचं झालेलं असतं आणि त्याला स्वतःची सीट लागते, हे काउंटरवरची मुलगी नीट समजावून सांगेल. पासपोर्टची मुदत बघायची तर अजिबात गरज नाही. सहा महिने शिल्लक असावे लागतात वगैरे नियम दुसऱ्यांसाठी असतात.

बॅगांचं काय? स्वस्त तिकिटात बरेचदा सोबतची सात किलोची एक बॅग असते आणि बास. तुम्ही अकरा किलो भरा. काट्यावर बॅग ठेवताना चेहरा सरळ ठेवायचा आणि एक बोट खालून हळूच आधाराला लावायचं. पकडले गेलात तर तिथेच रांगेच्या मधोमध बॅग जमिनीवर उघडायची, वरची पारदर्शक पिशवी, तिच्यात ओला झालेला टूथब्रश, खाली कुणाचे तरी गुंडाळलेले मोजे, सगळं मागच्या पन्नास लोकांना व्यवस्थित दिसलं पाहिजे, आणि मग एकेकाने तीन तीन शर्ट अंगावर चढवायचे. ज्या बेटावर बत्तीस अंश आहे तिथे आपलं कुटुंब जॅकेट घालून निघालंय. एवढं करून दोन किलो जास्तच भरतात ते भरतात. मोठी बॅग आत पाठवलीत तर पॉवर बँक तिच्यातच ठेवा, तो जवळच्या बॅगेतच न्यायचा असतो हे सगळ्यांना माहिती असतं, तरी दर विमानात कोणाचं तरी नाव पुकारलं जातं आणि यावेळी मान आपला.

हॉटेलचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो कारण खरी कला इथेच आहे. समजा मालदीव ठरलं. तिथे साधारण १,२०० बेटं आहेत, त्यातल्या जेमतेम दोनशेवर लोक राहतात. फोटोत दिसतं ते पाण्यावरच्या लाकडी खोल्यांचं रिसॉर्ट, त्याचं बेटच वेगळं असतं, आणि त्याचा एका रात्रीचा दर ऐकून माणूस हळूच फोन ठेवतो. वस्तीच्या बेटांवर आता साधी गेस्टहाऊसं आहेत, पाणी तेच, मासे तेच, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला तीच बरी पडतात. पण हे असं सरळ घरात सांगू नका. फोटो लाकडी खोल्यांचेच दाखवा, बुकिंग गेस्टहाऊसचं करा, आणि बोटीतून उतरल्यावर "अरे, यांनी फोटो बदलले वाटतं" असं म्हणा. तसंच, वस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कमी कपड्यांसाठी वेगळा ठरवून दिलेला बीच असतो, हेही आधी सांगू नका, विशेषतः ज्या काकांनी त्याच आशेवर वर्गणी भरलीय त्यांना.

आणि पोचायची वेळ! विमानतळावरून बेटावर नेणारी सी-प्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, फक्त उजेडात उडतात, म्हणून आपलं स्वस्त विमान संध्याकाळी सातला उतरणारं असलं पाहिजे, म्हणजे पहिली रात्र विमानतळाजवळच्या अशा हॉटेलात जाते जे आपण बुकच केलं नव्हतं. सी-प्लेन नको, सरकारी फेरी बोट स्वस्त पडते म्हणता? उत्तम. ती शुक्रवारी सहसा बंद असते, तेव्हा परतीचं विमान शनिवारी पहाटेचं घ्या. मग शुक्रवारी संध्याकाळी धक्क्यावर बॅगांवर बसून स्पीडबोटवाल्याशी घासाघीस करायची मजा आहे, त्यालाही माहिती असतं की पहाटेचं विमान आहे आणि तुमच्याही तोंडावर ते लिहिलेलं असतं.

तिथे गेल्यावर कार्डाचं मशीन विचारेल, पैसे तुमच्या चलनात कापू की इथल्या? आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, जिवाला बरं वाटतं, तेच बटण दाबा. त्या बरं वाटण्याचे पैसे भावात आधीच लावलेले असतात. सनस्क्रीनचा खर्च मात्र सरळ वाचवा, आभाळ आलेलं आहे ना. ढगांतूनही बरीचशी अतिनील किरणं खाली येतात हे तुम्हाला दुसऱ्या दिवशी पाठ टेकवताना कळेलच, आणि मग हॉटेलच्या दुकानात कोरफडीची जेल घ्यायची, तिथे भाव विचारायचा नसतो. सनस्क्रीन घरून नेलंतच तर कुठलंही न्या, पॅसिफिकमधल्या पालाऊ या बेटांच्या देशाने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून प्रवाळाला घातक रसायनांच्या सनस्क्रीनवर बंदी आणलीय, पण आपण काही प्रवाळ नाही.

स्कूबा शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा, शेवट गोड झाला पाहिजे. पाण्यातून वर आल्यावर विमानात बसण्याआधी साधारण १८ तास थांबा असं सांगतात कारण अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. पैसे भरून झाल्यावर फॉर्मवर हे वाचायचं, मग परतावा मिळतो का यावर वाद घालायचा, तो मिळत नाही, आणि सगळ्यांनी काठावर बसून दुसऱ्यांचे बुडबुडे मोजायचे.

परत निघताना आठवण म्हणून काही विकत घेऊ नका, किनाऱ्यावर शंख आणि मेलेलं प्रवाळ फुकट पडलेलं असतं. मुलांना पिशवी भरू द्या. बऱ्याच बेटांवरून ते बाहेर न्यायला बंदी आहे, मालदीवमधून प्रवाळ नेता येत नाही, थायलंडमधूनही नाही, पण हे कळायची खरी जागा म्हणजे विमानतळावरचं स्कॅनर. साहेब पिशवी टेबलावर रिकामी करतील, ओल्या वाळूचा ढीग होईल, धाकटा भोकाड पसरेल, थोरला "बाबांनीच भर म्हटलं होतं" असं खणखणीत आवाजात सांगेल. तुम्ही त्या वेळी बाजूच्या दुकानात जाऊन बेटाचं नाव लिहिलेले सहा फ्रिज मॅग्नेट घ्या, विमानतळाच्या भावाने. कुठल्या खात्यात टाकायचे ते तुम्हाला माहितीच आहे.