एकाच नदीवरचे दोन पूल

गोव्यात अपघाताची बातमी आली की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. गाडी भाड्याची होती का? आणि चालवणारा प्यायला होता का? ह्यांची उत्तरं मिळाली की चर्चा आटोपते. त्या वळणावर दिवा होता का, कठडा कधी बदलला होता, मागच्या पावसात त्याच जागी आणखी कोणी गेलं होतं का, हे कोणी विचारत नाही. पंचनाम्यात 'हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून' एवढं लिहिलं जातं आणि रस्ता मोकळा सुटतो.

ह्या छोट्याशा राज्यात वर्षाला अडीचशेच्या वर माणसं रस्त्यावर मरतात. त्यांत सर्वात जास्त दुचाकीवाले, म्हणजे आपलीच कामाला निघालेली पोरं. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा.

झुवारीचंच बघा. नदी एकच. तिच्यावर कोकण रेल्वेचा पूल आहे आणि रस्त्याचेही पूल आहेत. रेल्वेच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र बसवलंय. वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की गाडी अलीकडेच थांबवतात. मांडवीवरच्या रेल्वे पुलावरही हीच सोय आहे. आणि त्याच झुवारीवर, रस्त्याच्या जुन्या पुलावरून, जुलै 2022 मध्ये मध्यरात्रीनंतर एक गाडी कठडा तोडून थेट नदीत गेली. चार जीव गेले. गाडी वेगात होती, मान्य. पण कठडा असतो कशासाठी? नीट चालवणाऱ्याला त्याची गरज पडत नाही. चुकलेल्याला पाण्यात जाऊ न देणं हेच त्याचं काम. पूल 1983 चा, अवजड वाहनांना बंदी घालावी लागली इतका थकलेला. पूल किती वजन पेलतो हे पाहिलं गेलं, मग कठडा किती धक्का पेलतो हेही पाहायला नको होतं?

रेल्वेला हे शहाणपण आयतं मिळालेलं नाही. 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासएक माणसं गेली. वर्ष उलटत नाही तोच, जून 2004 मध्ये, रायगड जिल्ह्यात मत्स्यगंधा एक्सप्रेस दरडीवर आदळून पुलावरून खाली गेली. त्यानंतर पावसातला वेग उतरवला, कापलेल्या डोंगरांना जाळ्या लागल्या, गस्त वाढली. पावसाळी वेळापत्रक लागलं की मडगावला पोचायला उशीर होतो म्हणून आपण कुरकुरतो. तो उशीर ह्या दोन अपघातांनंतर जाणीवपूर्वक ठरवलेला आहे.

आमच्या वाड्यावरचा एकजण ट्रॅकवर कामाला आहे. पावसाळ्यात रात्री गस्तीला निघतो तेव्हा अंगावर रेनकोट, हातात टॉर्च, लाल-हिरवे झेंडे, शिट्टी आणि धोका दिसलाच तर रुळावर बांधायचे, चाकाखाली फुटून चालकाला इशारा देणारे फटाके. ठरलेल्या टप्प्यापर्यंत तो चालत जातो. पलीकडून दुसरा गस्तवाला येतो. दोघं भेटतात, वह्या बदलतात आणि आपापल्या दिशेने परत फिरतात. वही बदलली नाही तर एक टप्पा पाहिलाच गेलेला नाही, हे दुसऱ्या दिवशी कळतं. सगळी व्यवस्था त्या भिजलेल्या वहीवर उभी आहे: कोण चालला, कुठपर्यंत, किती वाजता. आमच्या गावच्या रस्त्यावरचा पूल शेवटचा कोणी पाहिला, हे सांगणारी वही कुठे आहे? मला तरी अजून सापडलेली नाही.

दुसरं उदाहरण घाटाचं. दूधसागरावरून जाणारी लाईन पोर्तुगीज काळातली, 1880 च्या दशकातली. चढ इतका की 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आजही कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरण्याआधी गाडीचे ब्रेक तपासतात आणि मगच ती हळूहळू सोडतात. त्याच डोंगरातून अनमोड घाटाने खाली येणाऱ्या ट्रकचे ब्रेक वर कोण तपासतं?

कोणी म्हणेल, रेल्वेचा मार्ग तिचा एकटीचा. रस्त्यावर स्कूटर, बस, गुरं, भाड्याच्या गाड्या, सगळंच. बरोबर आहे. म्हणून तर रस्त्यावर जास्त देखरेख हवी. मोठा रेल्वे अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात, आणि ते रेल्वे मंत्रालयाचे नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे. का? तर रेल्वेने स्वतःचीच चौकशी करू नये म्हणून. रस्त्यावर असा कोणी नाही. ऑगस्ट 2023 मध्ये बाणस्तारी पुलावर भरधाव गाडीने तिघांना चिरडलं, लोक रस्त्यावर उतरले, आणि सगळा राग एका चालकावर निघाला. राग रास्तच होता. पण गर्दीच्या वेळी त्या पुलावर वेग आवरण्यासाठी काय होतं, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

ह्यावर 'जुनं ते सोनं' म्हणणारे लगेच रायबंदरचा पूल दाखवतात. 1633-34 मध्ये बांधलेला तो दगडी पूल अजून वाहतूक पेलतोय, मला त्याचा अभिमानच आहे. पण सावर्डे-कुडचड्याचा पोर्तुगीजकालीन पादचारी पूलही जुनाच होता. वापरासाठी बंद असलेला तो पूल 18 मे 2017 ला, नदीतलं शोधकार्य बघायला गर्दी चढली तेव्हा कोसळला. आणि मांडवीचा पहिला पूल तर 1970 चा; आतल्या तारा गंजल्या आणि 5 जुलै 1986 ला पडला. पुन्हा फेरीबोटींच्या रांगा लागल्या. आमच्या आधीच्या पिढीला त्या अजून आठवतात. सोळा वर्षांचा पूल पडतो आणि जवळपास चारशे वर्षांचा उभा राहतो, तेव्हा नुसतं वय मोजून काही कळत नाही. आत काय चाललंय ते बघावं लागतं, दर वर्षी, दर पुलाचं.

महाडचा सावित्री पूल कोण विसरेल? 1928 चा दगडी कमानींचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला आणि दोन एसटी प्रवाशांसकट वाहून गेल्या. नवा पूल 165 दिवसांत उभा केला. म्हणजे बांधायचं कसब आपल्याकडे भरपूर आहे. मांडवीवरचा अटल सेतू, झुवारीवरचा नवा पूल, सगळं त्याचीच साक्ष आहे. पैसा आणि कौतुक उद्घाटनापर्यंत पुरतं, पुढची देखभाल कोणाच्या डोळ्यात भरत नाही.

प्रत्येक पुलावर उद्घाटनाची पाटी असतेच. तिच्याखाली दुसरी पाटी हवी: शेवटची तपासणी कधी, कोणत्या अभियंत्याने केली, पुढची कधी. आणि जिथे माणूस मेला त्या प्रत्येक अपघाताची, पोलीस आणि साबांखा (सार्वजनिक बांधकाम खातं) दोघांच्या बाहेरच्या माणसाकडून चौकशी व्हावी, अहवाल वेबसाइटवर यावा. आमच्या पुढच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे, सुरुवात आमच्याच ओहोळावरच्या पुलापासून. ज्यांना आपापल्या पंचायतीत मांडायचा असेल त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, मसुदा पाठवतो.