पस्तीस सीसीची अब्रू

झाड रात्री पडलं आणि सकाळी ते बघून मी खूश झालो. हे ऐकून लोकांचं माझ्याविषयी काय मत होईल याची मला कल्पना आहे, पण खोटं कशाला बोलू? ते घरावर पडलं नव्हतं, कुंपणावर पडलं नव्हतं. मागच्या मोकळ्या जागेत शहाण्यासारखं आडवं झालं होतं. आणि दोन वर्षांपूर्वी मी हौसेने घेतलेला चेनसॉ, म्हणजे फिरत्या दातेरी साखळीची पेट्रोलवरची करवत, अशाच एखाद्या प्रसंगाची वाट बघत खोक्यात पडून होता.

"धाकट्याला बोलावू का?" बायकोने विचारलं. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. झाडं कापणं हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा.

"कशाला? माझ्याकडे मशीन आहे की."

"मशीन आहे हे माहितीये. मी माणसाबद्दल विचारतेय."

अशा वेळी उत्तर न देता थेट खोकं काढायला जावं, तसा मी गेलो. खोक्यावर चित्र होतं. चित्रातला माणूस भलामोठा ओंडका कापत होता आणि कापता कापता हसत होता. आता अनुभवाने सांगतो, चेनसॉ चालवताना जो हसतोय त्याचं मशीन बंद असतं.

माझं मशीन पस्तीस सीसीचं. ताकद दोन अश्वशक्तीच्या आसपास, बार, म्हणजे जिच्या कडेवरून चेन फिरते ती पुढची पट्टी, चौदा इंची. घेतलं तेव्हा 'दोन घोडे' हे ऐकायला पुष्कळ वाटलं होतं. मशीनवर एक बारीक अक्षरांतलं लेबलही होतं, त्यावर ५० तास असा आकडा. मला वाटलं, हे मशीनचं आयुष्य! पन्नास तास चाललं की संपलं! त्यामुळे घेतल्या दिवशी एका फांदीवर दीड मिनिट चालवून मी ते बंद केलं आणि उरलेले एकोणपन्नास तास अठ्ठावन्न मिनिटं तीस सेकंद जपून ठेवले. अमेरिकेतल्या प्रदूषणाच्या नियमांत हाती धरायच्या यंत्रांसाठी ५०, १२५ आणि ३०० तास असे टप्पे आहेत आणि तेवढे तास धुराने मर्यादा ओलांडू नये इतकाच त्याचा अर्थ आहे, हे मला नंतर कळलं. मशीन मरायची तारीख ती नव्हे. पण तोवर मी ते इतकं जपलं होतं की ते टाकीतल्या पेट्रोलसकट दोन वर्षं झोपलं होतं.

टाकी उघडली तर आतून जुन्या फर्निचरच्या पॉलिशसारखा वास आला. ते ओतून दिलं आणि नवं मिश्रण केलं: पाच लिटर पेट्रोलला शंभर मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑईल, पन्नासाला एक. इथवर माझं काहीही चुकलं नाही, याची कृपया नोंद घ्यावी. यापुढे नोंद घेण्यासारखं फारसं काही नाही.

चोक ओढला. एक पाय मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या मुठीवर, उजव्या हातात दोरी. ओढली. ओढली. चौथ्यांदा ओढल्यावर मशीनने "फट्" असा एकच आवाज केला आणि ते गप्प झालं. मला वाटलं, आता येतंय, आता सोडायचं नाही. आणखी जोरात ओढायला लागलो. खरं तर तो "फट्" म्हणजे मशीनचं सांगणं असतं की बाबा रे, पुरे झालं पेट्रोल, आता चोक काढ. मी काढला नाही. पंधराव्या झटक्याला प्लग चिंब भिजला असावा, विसाव्याला मी. शेवटी प्लग काढला, पुसला, तो बाहेर ठेवूनच पाच-सहा वेळा दोरी ओढून आतलं पेट्रोल उडवून दिलं, प्लग परत बसवला, आणि एकतिसाव्या की बत्तिसाव्या झटक्याला मशीन सुरू झालं. तोवर माझा उजवा खांदा बंद पडला होता.

कापायला सुरुवात केली. दोन गोष्टी लगेच लक्षात आल्या. एक म्हणजे लाकडातून पिठासारखा बारीक भुसा निघत होता आणि सोबत थोडा धूर. दुसरी म्हणजे काप सरळ खाली जायच्या ऐवजी उजवीकडे वळत होता. मी मशीन सरळ धरलं, काप उजवीकडे. मी मुद्दाम डावीकडे कललो, तरी उजवीकडेच. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मला तोंडावर फेकून मारणाऱ्यांना माझं सांगणं आहे की अंगण खरोखर वाकडं होतं, हवं तर गुण्या लावून बघा. कापाने लाकडात अशी काही कमान घेतली की बार तिच्यात अडकला आणि मशीन गुदमरून बंद पडलं.

"मी त्याला मघाशीच फोन केलाय," बायको मागून म्हणाली. "तुम्ही दोरी ओढत होता ना, तेव्हाच."

मेव्हणा आला तो नखशिखान्त जामानिमा करून. हेल्मेट, जाळी, कानांवर कर्णरक्षक, आणि ती जाड पँट. ती पँट दिसायला गबाळी असते, पण तिच्या अस्तरात लांब लांब तंतूंचे थर असतात. चेन लागलीच तर ते तंतू बाहेर ओढले जाऊन चक्रात गुंततात आणि चेन जागीच थांबते. मी तेव्हा घरातल्या पायजम्यात होतो. त्याने माझ्या पायजम्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. वयाने लहान असला तरी त्याला कुठे गप्प बसावं ते कळतं, आणि हेच मला सहन होत नाही.

त्याने पाचर ठोकून माझा बार सोडवला. मग गाडीतून त्याचं मशीन काढलं. सत्तर सीसी, पाच अश्वशक्तीच्या वर, वीस इंची बार. मी उचलून बघितलं. बार-चेन सोडून ते साडेसहा किलोचं, माझं सव्वाचार. म्हणजे वजन दीडपट आणि ताकद अडीच पटीच्याही वर. किलोमागे हिशोब केला तर त्याचा प्रत्येक किलो माझ्या किलोच्या जवळपास पावणेदोन पट काम करतो. आमच्या दोघांच्या बाबतीतही हे प्रमाण साधारण हेच असावं.

"नुसती ताकद नाही, भाऊजी," तो म्हणाला आणि झाकण उघडून दाखवायला लागला. त्याच्या इंजिनाचं खोकं मॅग्नेशियमचं, माझ्या इंजिनाभोवती बरंचसं प्लॅस्टिक. त्याच्या पिस्टनला दोन रिंगा, माझ्या एक. हादरे खायला त्याच्याकडे पोलादी स्प्रिंगा, माझ्याकडे रबराचे तुकडे. बारला तेल किती सोडायचं त्याचा स्क्रू त्याच्याकडे आहे. माझं मशीन स्वतःच्या मर्जीने तेल सोडतं, त्यातलं निम्मं उभं असताना जमिनीवर. हवेचा फिल्टर तर त्याचा एवढा मोठा की माझ्या मशीनला तो टोपी म्हणून बसला असता.

"मग कापून बघू या की," मी म्हणालो. माणूस असं का म्हणतो, यावर कुणीतरी अभ्यास करायला हवा.

फूटभर जाडीचा एक सरळ ओंडका निवडला, दोन ओंडक्यांवर आडवा टेकवला. बायको मोबाइलवर वेळ लावायला तयारच होती. इतक्या उत्साहाने ती माझ्या कुठल्याच कामात आजवर सामील झालेली नाही. मेव्हण्याने दोरी दोनदा ओढली. पहिल्यांदा "फट्", चोक आत, दुसऱ्यांदा चालू. पुढचे काटे लाकडाला टेकवले, मनगट जरा वळवलं आणि चकती खाली पडली. सहा सेकंद. भुसा नाहीच, नखाएवढ्या जाड ढलप्या. मग मी. चव्वेचाळीस सेकंद, त्यातली काही बंद पडलेलं मशीन पुन्हा सुरू करण्यात. चकती पडली ती एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ. दाराला अडण म्हणून लावता आली असती.

"तुमचं मशीन वाईट नाहीये," मेव्हणा म्हणाला. पुढचं वाक्य येऊ नये म्हणून मी आकाशाकडे बघितलं, पण ते आलंच. "धार कोणी लावली?"

धार मीच लावली होती. ती पहिली फांदी मी जमिनीवर ठेवूनच कापली होती आणि शेवटी चेन मातीत गेली होती. मग एक कानस आणून मी प्रत्येक दाताला मनाला येईल तेवढं घासलं होतं. चेनचे निम्मे दात डावीकडे कापतात आणि निम्मे उजवीकडे. एका बाजूला हात सहज चालतो, दुसऱ्या बाजूला अवघडतो. सोयीच्या बाजूचे दात माझ्याकडून भलतेच धारदार झाले होते आणि चेन इमानदारीने तिकडे वळत होती. त्याने खिशातून चार मिलिमीटरची गोल कानस काढली आणि माझे सव्वीस दात दहा मिनिटांत नीट केले. मग पुन्हा घड्याळ लागलं. एकोणीस सेकंद! सरळ काप! आणि ढलप्या!

तिथेच थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण एकोणीस सेकंद माझ्या डोक्यात गेले. "तुझं एकदा चालवून बघतो," मी म्हणालो. त्याने आधी मला त्याचं हेल्मेट आणि पँट चढवायला लावली, मग बारच्या टोकाच्या वरच्या पाव भागावर बोट ठेवलं. हा भाग कशालाही लागू द्यायचा नाही. लागला तर बार उसळून तोंडाकडे येतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. माझ्या चेनवर हे उसळणं कमी करणाऱ्या जादा कड्या आहेत, त्याच्या चेनवर नाहीत. मी मान डोलावली. टोक वर लागू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात पक्कं ठेवून मशीन सुरू केलं.

काय सांगू! चेन सेकंदाला वीसेक मीटर पळते, म्हणजे ताशी सत्तरच्या वर. माझ्या मशीनला मी ढकलतो. हे मला आत ओढत होतं. लाकूड आहे की नाही हेच कळेना. आणि ते संपलं तेव्हाही कळलं नाही. चकती पडली, मी खालीच जात राहिलो, टोक वर लागू न देण्याचं वचन तंतोतंत पाळलं आणि अख्खा बार मातीत घातला. फार नाही, दोन सेकंद. एक खडा ठिणगी टाकून गेला.

मेव्हण्याने चेनब्रेक लावला. एका दातावर नख फिरवलं. व्यावसायिक चेनच्या दाताचा कोपरा चौकोनी, टोकदार असतो. स्वच्छ लाकडात तो जादा वेगाने कापतो आणि मातीत तितक्याच वेगाने मरतो. आता तिथे कोपरा नव्हता. उन्हात धरल्यावर धारेच्या जागी एक बारीक पांढरी रेघ चमकत होती. धार असली की प्रकाश तिथे टिकत नाही.

"एकदा वेळ लावून तर बघू," मी हळूच म्हणालो. लावली. सत्तर सीसी, पाचावर घोडे, मॅग्नेशियमचं खोकं, दोन रिंगा: सत्तावीस सेकंद. आणि पिठासारखा भुसा.

म्हणजे मी जिंकलो होतो. आठ सेकंदांनी. बायकोने मोबाइल खिशात टाकला आणि ती घरात निघून गेली. अशा विजयानंतर टाळ्या नसतात.

त्याच्या चेनला छत्तीस दात. कानस साडेपाच मिलिमीटरची, कोन तीस अंशांचा. "तुम्हीच लावा, भाऊजी. शिकाल," तो म्हणाला आणि माझं मशीन घेऊन उरलेल्या फांद्यांकडे गेला. "प्रत्येक दाताला सारखेच घासे. मोजून. आतून बाहेर, फक्त पुढे ढकलताना." मी एका दाताला खुणेचं पेन लावलं आणि बसलो. बाराव्या दाताला मनगट दुखायला लागलं. तेव्हा मला जोसेफ कॉक्स आठवला. अमेरिकेतल्या ऑरेगनमधला हा लाकूडतोड्या १९४६ साली एका खोडात लाकूड कुरतडणारी भुंग्याची अळी बघत बसला होता. अळी आपल्या वाकड्या जबड्याने डावीकडे-उजवीकडे करत, आडव्या-उभ्या रेषांची पर्वा न करता लाकूड खात चालली होती. त्याने तो जबडा पोलादात उतरवला आणि १९४७ पासून तशा चेन विकायला काढल्या. आजच्या चेनचे दात त्याच वळणाचे. अळीला मात्र कधी कानस लावावी लागली नाही, याचा मला फार हेवा वाटला.

तिकडे माझं पस्तीस सीसीचं मशीन फांद्यांवरून सपासप फिरत होतं. मेव्हण्याच्या हातात ते एकदाही अडकलं नाही, एकदाही गुदमरलं नाही. पाऊण तासाने मात्र ते तापलं आणि मेव्हणा हात झटकत आला. त्या रबरी तुकड्यांमुळे बोटांना मुंग्या आल्या होत्या. फरक असेल तर हा, तो म्हणाला. त्याचं मशीन दिवसभर असंच चालतं, आणि संध्याकाळी बोटं जागेवर असतात.

छत्तिसावा दात झाला तेव्हा उजेड सरत आला होता. त्याने घाईने चेन चढवली, मशीन गाडीत टाकलं आणि गेला.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. मागे कुठेतरी झाडं पडत होती.

"भाऊजी, मशीन उजवीकडे वळतंय."

"किती?"

"तुमचं वळायचं तितकंच."

मी फोन ठेवला. बायकोने आतून विचारलं, "कोण होतं?"

"धाकटा," मी म्हणालो. "धारेबद्दल बोलत होता."