गिलोटिन आणि हाफ मार्जिन

कॅगचा (म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकाचा) एखादा अहवाल गाजला की ओळखीपाळखीचे लोक मला हटकून विचारतात, "काका, तुम्ही एजी ऑफिसात होतात ना? मग हे सगळं होऊन गेल्यावरच कसं सापडतं हो तुम्हाला?" ग्वाल्हेरमध्ये एजी ऑफिस (राज्य सरकारच्या हिशेबांचं ऑडिट करणारं कॅगचं कार्यालय) म्हटलं की निम्म्या गावाला त्या नावाचा पूल आठवतो आणि उरलेल्यांना तिथे नोकरीला असलेला कुणी काका नाहीतर मामा. प्रश्न रास्त आहे, पण चुकीच्या माणसाला विचारलाय. ऑडिट होऊन गेलेल्या खर्चाचंच असतं. पैसे देण्याआधी विचारायचं काम ज्यांचं आहे ते विचारत नाहीत, माझं सगळं दुखणं ते आहे. पोस्ट लांब होणार, आधीच सांगतो.

१ फेब्रुवारीला भाषण होतं (२०१७ पासून ही तारीख, आधी महिनाअखेर असायची), आयकराचे स्लॅब कळतात, काय स्वस्त काय महाग याच्या पट्ट्या टीव्हीवर फिरतात आणि रात्रीपर्यंत देश बजेटवर बोलून मोकळा होतो. पण भाषण म्हणजे मंजुरी नव्हे. कुठल्या मंत्रालयाला कशासाठी किती हवेत याच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभेपुढे येतात, साधारण शंभर. त्यांवर चर्चा करायची, मत द्यायचं, मग विनियोजन विधेयक, आणि तेव्हा कुठे संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, रुपया हलतो. संविधानाची कलमं ११३ आणि ११४. व्याज आणि तसला भारित खर्च यातून वगळलेला. त्यावर बोलता येतं, मतदान नाही. म्हणजे नुसत्या व्याजाचेच रुपयातले वीसएक पैसे मताच्या बाहेर. उरलेल्याचं काय होतं ते बघा.

चर्चेसाठी चारपाच मंत्रालयं निवडतात. बाकीच्या सगळ्या मागण्या शेवटच्या दिवशी, ठरलेल्या वेळी, अध्यक्ष एकदम मताला टाकतात. यालाच गिलोटिन म्हणतात. नियमातच आहे ते, कुणी चोरून आणलेलं नाही. ३१ मार्चच्या आत पैसा मंजूर झाला नाही तर पगार थांबतील, हेही खरं. पण कधी कधी ती चारपाचसुद्धा होत नाहीत. २०१३ साली एकाही मागणीवर चर्चा न होता सगळ्या पास. २०१८ साली तेच, १४ मार्चला. २४ लाख ४२ हजार कोटींचं बजेट होतं. २०२३ साली पुन्हा तेच, या खेपेस ४५ लाख कोटींचं. पहिल्या वेळी सरकार काँग्रेसचं, पुढच्या दोन्ही वेळी भाजपचं. तेव्हा कमेंटमध्ये "त्यांच्या काळात काय झालं" सुरू करण्याआधी ही तीन सालं वाचून घ्या.

२०१८ साली लोकसभेच्या अध्यक्ष होत्या आपल्या इंदूरच्या सुमित्राताई. त्यांना दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. समोर हौद्यात फलक घेऊन माणसं उभी: कुणाला आंध्रचा विशेष दर्जा हवा, कुणाला कावेरीचं पाणी, कुणी बँक घोटाळ्यावरून घोषणा देतंय. विषय एकही खोटा नव्हता. पण त्या गदारोळात कुणाची सोय झाली? विरोधकांना टीव्हीवर जागा मिळाली आणि सरकारला एकाही प्रश्नाचं उत्तर न देता वर्षभराचा पैसा. मला तरी वाटतं, असा गोंधळ कुठल्याही अर्थमंत्र्याला मनातून हवाच असतो.

खासदाराच्या हाती हत्यार नाही असं नाही. कपात सूचना असते. धोरणच पटलं नाही तर मागणी एक रुपयावर आणा म्हणायचं. काटकसर हवी तर ठरावीक रकमेने कमी करा म्हणायचं. आणि एखादी तक्रार मांडायची असेल तर "या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत." मला ही शंभर रुपयांची सूचना फार आवडते. हजारो कोटींच्या मागणीतून शंभर रुपये कापायचे, पण त्या निमित्ताने मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यायला लावायचं! अडचण अशी की कपात मंजूर होणं म्हणजे सरकारवरचा विश्वास गेला असं धरतात. त्यामुळे व्हिप (अमुकच मत द्या असा पक्षाचा आदेश) निघतो, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हिप मोडला तर खासदारकी धोक्यात. एप्रिल २०१० मध्ये इंधन दरवाढीवरून विरोधकांनी आणलेली सूचना २०१ विरुद्ध २८९ अशी पडली. तशीच पडायची होती.

पण व्हिप मताला लागतो, प्रश्नाला नाही. १९५७ साली फिरोज गांधी सत्ताधारी बाकांवरचेच खासदार, पंतप्रधानांचे जावई. सरकारी एलआयसीने मुंध्रा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर कुणाच्या सांगण्यावरून घेतले, एवढंच त्यांनी लावून धरलं. छागला आयोगाने चौकशी उघड्यावर केली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत टी. टी. कृष्णम्माचारींनी अर्थमंत्रिपद सोडलं. कायद्यात बसून आजही हे करता येतं. करायचं मन लागतं, आणि तिकिटाची फिकीर नसावी लागते. (दुसरी अट जड आहे, मान्य.)

आता आमच्या बाजूचं. आमचं काम राज्य सरकारच्या खात्यांचं, अहवाल विधानसभेला. पण साखळी तीच. ऑडिट पार्टी एखाद्या कार्यालयात बसते, कॅशबुक आणि व्हाउचर मागवते आणि शंका आली की हाफ मार्जिन काढते. हाफ मार्जिन म्हणजे मधोमध उभी घडी घातलेला कागद. एका अर्ध्यात आमचा प्रश्न, दुसरा अर्धा खात्याच्या उत्तरासाठी कोरा. एका जिल्हा कार्यालयात ३१ मार्चच्या तारखेने ट्रेझरीतून भली मोठी रक्कम काढून पीडी खात्यात (पर्सनल डिपॉझिट, अधिकाऱ्याच्या नावचं सरकारी ठेव खातं) टाकलेली दिसली. बजेटच्या दृष्टीने पैसा खर्च झाला, प्रत्यक्षात एका पैशाचं काम नाही. मी लिहिलं की रक्कम मार्चअखेरीस काढायचं कारण काय आणि काम कधी सुरू होणार. कागद परत आला तेव्हा कोऱ्या अर्ध्यात एकच ओळ, खाली सही-शिक्का: "अभिलेखों का परीक्षण कर अवगत कराया जाएगा." मग त्याचा इन्स्पेक्शन रिपोर्ट, त्यावर स्मरणपत्रं, पुढे ड्राफ्ट पॅरा, मग अहवाल, मग सभागृहाचा पटल, मग कॅगचे अहवाल तपासणारी आमदारांची लोकलेखा समिती. तोवर तो अधिकारी तीन बदल्या घेऊन रिटायर.

आणि गंमत बघा, पुढच्या वर्षी त्याच योजनेला पुन्हा तेवढेच पैसे मंजूर. गेल्या वर्षीचे पडून असताना परत कशाला, हे मंजुरीच्या वेळी एकाने विचारलं असतं तर आमच्यावर हाफ मार्जिन लिहायचीच वेळ आली नसती. हा प्रश्न विचारायला ऑडिटर लागत नाही. मागणीचं पुस्तक उघडून मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा रकाना शेजारी-शेजारी वाचावा लागतो.

बाबासाहेबांनी १९४९ च्या मे महिन्यात संविधान सभेत कॅगला बहुधा संविधानातला सर्वात महत्त्वाचा अधिकारी म्हटलं. ऑफिसात आम्ही हे छाती फुगवून सांगायचो. पण कलम १५१ प्रमाणे त्याचा अहवाल शेवटी जातो सभागृहापुढेच. पुढे वाचणारा नसेल तर तो अधिकारी तरी काय करणार?

आपल्याकडे ग्वाल्हेरच्या किल्ल्यातल्या गंगाजळीच्या, म्हणजे शिंदे महाराजांच्या गुप्त खजिन्याच्या, गोष्टी अजून सांगतात. जयाजीराव १८८६ साली गेले, मुलगा माधवराव दहा वर्षांचाही नव्हता, आणि तळघरं कुठे, उघडायची कशी हे महाराजांबरोबरच गेलं, मग वर्षानुवर्षं शोध. तेव्हा खजिन्याचा हिशेब एका डोक्यात होता. आता तो छापून येतो, नेटवर फुकट मिळतो. न वाचणाऱ्याला मात्र छापलेला आकडा काय आणि तळघरातला काय, सारखाच.

सगळंच अंधारात आहे असंही नाही. १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या आहेत, आज चोवीस, प्रत्येकीत लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा. अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत त्या मंत्रालयांच्या मागण्या तपासतात, सचिवांना बोलावतात, आणि पैसे का पडून राहिले हे बऱ्याचदा नेमकं विचारतात. बंद दाराआड असल्यामुळे तिथे फलकही नसतात. लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधकांकडे आहे. आपल्या ग्वाल्हेरच्या अटलजींनीही ते सांभाळलं. या समित्यांचे अहवाल वाचनीय असतात, खरंच. पण ते सरकारला बंधनकारक नाहीत, आणि गिलोटिन पडायच्या दिवशी त्यांची आठवणही कुणी काढत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. गिलोटिन ठेवा, वेळ नसतोच. पण ज्या मंत्रालयाची मागणी चर्चेशिवाय मंजूर होणार, त्याच्या मंत्र्याने समितीच्या प्रत्येक शिफारशीला लेखी उत्तर मतदानाच्या आधी पटलावर ठेवलंच पाहिजे. आज उत्तरं येतात ती मागाहून, पैसा मंजूर झाल्यावर.

ऑफिसातला माझा जुना जोडीदार यावर हसला. म्हणाला, "तिथेही लिहितील, परीक्षण करून कळवू." लिहू देत की. निदान तारीख आणि सही मंजुरीच्या आधीची असेल, आणि दोन वर्षांनी ऑडिट पार्टी जाईल तेव्हा तो कागद फायलीत पहिला लागेल.